वाळवणीच्या खोलीतला गोल

प्रिय धाकू,

तुझा पत्ता मावसबहिणीकडून मिळवला. तीनदा मागितल्यावर तिने दिला, आणि देताना माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिच्याकडे चोरीचा माल मागतेय. तिने तुला आधीच फोन करून सांगितलं असणार, याची मला खात्री आहे. पाकिटाला मी दोन्हीकडून डिंक लावलाय. उघडून परत चिकटवल्यासारखं दिसलं, तर कोणी उघडलं ते समजून जा. तू हसशील, म्हणशील, ताईचा संशय काही गेला नाही. नाही गेला. चार महिन्यांत स्वभाव कसा बदलेल? हे पत्र टाकून द्यायचं असेल तर शेवटपर्यंत वाच आणि मग टाक, एवढंच मागते.

घरचं आधी सांगते. तुझ्या खोलीच्या खिडकीची कडी तू गेल्यावर आठवडाभरात तुटली. सुताराला तीनदा निरोप दिला, तो दर वेळी 'आलोच' म्हणतो आणि येत नाही. सध्या दोरी बांधून ठेवली आहे. खालच्या बाई रोज विचारतात, धाकटी कुठे गेली. मी सांगते, प्रशिक्षणाला गेली. त्या 'हो का' म्हणतात आणि दार लावून घेतात. त्यांना सगळं ठाऊक आहे, मला ठाऊक आहे की त्यांना ठाऊक आहे, तरी आम्ही दोघी रोज हे नाटक करतो. तुझी खोली मी कोणाला दिलेली नाही. गादी दर रविवारी उन्हात टाकते.

आता रुग्णालयातल्या लाँड्रीचं. तुला सगळं माहीत आहे, पण मला ते माझ्या बाजूने एकदा सांगू दे, कारण माझी बाजू मी तुला कधी सांगितलीच नाही. मी फक्त हुकूम सोडत आले.

एकोणीस वर्षं मी त्या टेबलाशी उभी आहे. वॉर्डातून गाठोडी येतात, मी ती सोडते, चादरी एकीकडे, गाऊन एकीकडे, रक्ताचं वेगळं. बोटांना कळतं आत काय आहे. त्याच बोटांच्या जोरावर मी पाच जणांच्या कमिटीची प्रमुख झाले, कारण बायकांत सर्वांत जुनी मी आणि सर्वांत मोठा आवाज माझा. काही मागायचं असलं की आम्ही पाच जण अर्ज घेऊन साहेबांच्या खोलीत जायचो. साहेब चहा सांगायचे. आम्ही चहा पिऊन यायचो. बाहेर उभ्या असलेल्या बाकीच्यांना मी सांगायची, 'साहेब विचार करतायत.' हे सांगताना मला किती मोठं वाटायचं, ते आज लिहिताना लाज वाटते. पण तेव्हा मला वाटायचं, काम असंच होतं. मोजकी माणसं, बंद दार.

मग घडीवालीला इंजेक्शनची सुई लागली. चादरीच्या घडीत, थेट अंगठ्याच्या पेरात. त्याआधीही लागल्या होत्या, पण तिने पहिल्यांदा ओरडून सांगितलं. आम्ही जाड हातमोज्यांसाठी अर्ज दिला, चहा प्यायलो. महिन्याने आणखी एकाला लागली. तेव्हा तू जेवणाच्या सुट्टीत उभी राहून म्हणालीस, 'पाच जणांनी जायचं बंद करूया. त्रेचाळीस जण आहोत, त्रेचाळीस जणांनी बसून ठरवूया.' सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तुझ्याकडे पाहिलं. सहा वर्षांपूर्वी हात धरून मीच तुला त्या लाँड्रीत आणलं होतं आणि आज तू मला सगळ्यांसमोर घरी बसवत होतीस, असं मला वाटलं. खरं सांगते, त्या क्षणापासून मी तुझ्यावर नजर ठेवायला लागले.

तो पहिला गुरुवार मला अजून दिसतो. वाळवणीची खोली, वर पाइपांतून गरम हवा, सगळ्यांच्या कपाळावर घाम, आणि उलट्या टाकलेल्या टोपल्यांवर गोल करून बसलेली माणसं. तू पिशवीत कपड्यांचे आकडे घातलेले पितळी बिल्ले आणले होतेस, प्रत्येकाचा एक. ज्याचा आकडा निघेल तो त्या दिवशी बैठक चालवणार. एकदा सगळ्यांचं बोलून झाल्याशिवाय कोणी दुसऱ्यांदा बोलायचं नाही. आणि जे ठरेल ते कागदावर लिहून दाराला आतून लावायचं. पहिला तास कशात गेला आठवतं? दार उघडं ठेवायचं की बंद, यात. चष्मिस म्हणाला उघडं, नाहीतर आपण उकडून मरू. इस्त्रीच्या रोलरवरच्या दोघी म्हणाल्या बंद, नाहीतर सुपरवायझर ऐकेल. शेवटी ठरलं, अर्धं उघडं ठेवायचं. मी मनात म्हटलं, घ्या, एका तासात त्रेचाळीस डोक्यांनी अर्धं दार उघडलं. असल्या कारभाराने सुया बंद व्हायच्या असतील तर आपल्या नातवंडांच्या काळात होतील.

त्या गोलात मी ऐकायला बसत नव्हते, टिपायला बसत होते. कोण कोणाकडे बघून हात वर करतं. कोण बोलताना दाराकडे पाहतं. बॉयलरवाले काका चार आठवडे एक शब्द बोलले नाहीत, पाळी आली की नुसती मान हलवायचे. मला पक्कं वाटलं की हा माणूस सगळं वर पोचवतोय. पाचव्या गुरुवारी ते बोलले. 'मी सव्वीस वर्षं इथे आहे. मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. काय बोलायचं असतं ते शिकतोय.' एवढंच बोलून खाली बघत बसले. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, पण माझ्या डोक्यात वेगळंच चाललेलं. हे पढवलेलं तर नाही? आणि पढवलं असेल तर तूच, दुसरं कोण?

घरी आल्यावर आपलं भांडण व्हायचं. मी म्हणायची, तुझा गोल म्हणजे वेळकाढूपणा आहे. साहेबांना जे हवं तेच तू करतेयस, माणसांना बोलत बसवून ठेवतेयस. तू भाजी चिरता चिरता शांतपणे म्हणायचीस, 'ताई, आपण पाच जण मागत होतो तेव्हा साहेबांना फक्त पाच जणांना गप्प करावं लागत होतं. जो एकदा स्वतः ठरवतो, त्याला गप्प करणं अवघड असतं. हातमोजे पुढच्या महिन्यात मिळतील नाहीतर मिळणार नाहीत. पण ही माणसं तयार झाली तर नंतरही उभी राहतील.' तुझं ते शांत बोलणं मला सर्वांत जास्त झोंबायचं. वाटायचं, हे हिचं बोलणं नाही, हिच्यामागे कोणीतरी आहे. माझ्या हाताखाली वाढलेली पोर माझ्यापेक्षा शहाणी असू शकते, हे काही मला सुचलं नाही.

सोमवारच्या बंदचं ठरायला तीन गुरुवार गेले. दोन तास कपड्यांच्या ट्रॉल्या थांबवायच्या, पण शस्त्रक्रियेच्या खोलीचे आणि लहान मुलांच्या वॉर्डाचे कपडे थांबवायचे नाहीत. ते कोणी ठरवलं? घडीवालीने. जिच्या अंगठ्यात सुई गेली तीच म्हणाली, 'आपल्यामुळे एखादं मूल ओल्या चादरीवर पडलं तर मी परत या गोलात बसणार नाही.' त्यावरून दोन तास वाद झाला आणि शेवटी सगळे तिच्याशी सहमत झाले. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की या गोलात काहीतरी आहे. पण ते वाटणं मी लगेच दाबून टाकलं. मला भीती वाटत होती, धाकू. त्या लोकांना बंद काय असतो ते माहीत नव्हतं, मला माहीत होतं. मी पूर्वी एकदा पाहिला होता. नोकऱ्या गेलेली माणसं फाटकाबाहेर दोन दिवस उभी असतात, तिसऱ्या दिवशी त्यांच्या जागी दुसरी येतात.

सोमवार आला आणि काय झालं ते तुला ठाऊक आहे. आपण सकाळी सहाला फाटकाशी पोचलो तर आत बाहेरच्या लाँड्रीची गाडी उभी. रविवारीच चादरींचे गठ्ठे आणून ठेवलेले. साहेब दारात घड्याळ बघत उभे. ट्रॉल्या थांबल्या काय आणि चालल्या काय, कोणाला फरक पडला नाही. दहा वाजता चष्मिस आणि घडीवाली, दोघांच्या हातात निलंबनाचे कागद. बंद ठरल्याचा कागद आपण दाराच्या आतल्या बाजूला लावला होता, पण त्यावर दिवस लिहिलेला नव्हता, आठवतं? दिवस फक्त गोलातल्या माणसांना माहीत होता. म्हणजे कोणीतरी सांगितलं होतं.

त्या गुरुवारी गोलात कोणी कोणाच्या शेजारी नीट बसत नव्हतं. टोपल्या मागे सरकवलेल्या. बिल्ला निघाला रोलरवरच्या बाईचा, ती बिचारी म्हणाली, 'मी काय विचारू?' मग मी बोलले. माझी पाळी नव्हती, तरी बोलले. मी म्हटलं, 'बंदच्या आधीच्या बुधवारी साहेबांच्या बंद खोलीतून कोण बाहेर आलं आणि हातात पाकीट काय होतं, ते आधी कळू दे.' मी तुला तेव्हा जिन्यावरून पाहिलं होतं. वीस मिनिटं तू आत होतीस. बाहेर आलीस तेव्हा डोळे लाल होते आणि पाकीट तू ओढणीखाली धरलं होतंस. मी घरी तुला विचारलं नाही. वाट पाहिली, तू सांगशील म्हणून. तू सांगितलं नाहीस, आणि मी ते सगळ्यांसमोर विचारलं.

तू माझ्याकडे पाहिलंस. फक्त माझ्याकडे, बाकी कोणाकडे नाही. मग म्हणालीस, 'मी सांगू शकत नाही.' चष्मिसची बायको आली होती त्या दिवशी, ती रडायला लागली. कोणीतरी मागून म्हणालं, 'मग झालं की.' तू उठलीस, टोपली जागेवर ठेवलीस आणि गेलीस. मी घरी पोचले तेव्हा कपाट रिकामं होतं. मला वाटलं, बघ, खरंच होतं. निर्दोष माणूस पळतो का?

तू गेल्यावर गोल मोडेल, असं मला वाटलं होतं. खरं तर मला तेच हवं होतं. तीन आठवडे लोक आले पण तोलून मापून बोलले. मग एकाने म्हटलंच, पुन्हा कमिटी करूया, ताईंना पुढे करूया. मी मान खाली घातली, लाजल्यासारखी. आतून मला हर्ष झाला होता, खोटं का बोलू. तेव्हा बॉयलरवाले काका उठले. ते उठून कधी बोलत नाहीत. म्हणाले, 'ताईंबद्दल मला आदर आहे. पण कमिटी झाली की आम्ही परत दाराबाहेर उभे. आणि एक सांगतो. आपल्यातल्या कोणीतरी सांगितलं म्हणून आपण एकमेकांवर दार लावायला निघालो, तर साहेबांना दुसरं काही करायची गरजच नाही. कोणी सांगितलं ते सोडा. असं काही करूया की सांगून उपयोग होणार नाही.' सगळ्यांना विचारलं. कमिटीच्या बाजूला अकरा हात. मी हात वर केला नाही, पण खालीही नीट ठेवला नाही.

मग त्यांनी जे केलं ते तू असतीस तर डोक्यावर घेऊन नाचली असतीस. दोन दोन जण करून एकेका वॉर्डात गेले. माझी जोडी काकांशी. आम्ही आयांना, सफाईवाल्यांना, सिस्टरांना विचारलं, तुम्हाला कधी सुई लागली का? मला वाटलं होतं हाकलून देतील. धाकू, एका वॉर्डात सातपैकी पाच जणींनी हात पुढे केले. चादर काढताना त्यांनाही लागत होत्या. एवढी वर्षं मी त्यांना शिव्या देत होते की या बाया न बघता गाठोडी बांधतात, आणि त्या मला शिव्या देत होत्या की लाँड्रीवाले फक्त तक्रारी करतात. आम्ही सांगितलं, गुरुवारी या. त्या आल्या. त्यांनी रुग्णांचे नातेवाईक आणले. वाळवणीची खोली पुरेना म्हणून मागच्या अंगणात बसायला लागलो. गोल इतका मोठा झाला की पलीकडच्याचा आवाज ऐकू येईना, मग लहान लहान गोल केले आणि प्रत्येकातून एक जण सांगायला येऊ लागला. त्या गोंगाटात मी बसायची आणि मनात म्हणायची, यातले किती जण साहेबांचे असतील. पण ते विचारून उपयोगच नव्हता. सगळं उघड्यावर चाललं होतं. ज्याला सांगायचं त्याने खुशाल सांगावं.

साहेब एकदा खाली आले. म्हणाले, 'मला तुमच्या नेत्याशी बोलायचंय.' तिसऱ्या वॉर्डातली सफाईवाली झाडू बाजूला ठेवून उठली. 'आज बिल्ला माझा निघालाय,' ती म्हणाली. साहेब म्हणाले, 'तसं नाही, तुमचा कायमचा नेता कोण?' ती म्हणाली, 'कायमचं तर इथे कोणीच नाही साहेब, आम्ही कंत्राटी आहोत.' सगळं अंगण हसलं. साहेबसुद्धा हसले, पण त्यांच्या डोळ्यांवरून मी ओळखलं की त्यांना कोणाला चहा पाजावा ते कळत नव्हतं.

शेवटी साहेबांना सगळ्यांशीच बोलावं लागलं, वाटाघाटी जेवणघरात झाल्या, ज्याला यायचं त्याच्या समोर. पाच दिवस चालल्या. प्रत्येक मुद्द्याला गोलाने बोलायला पाठवलेली सफाईवाली म्हणायची, 'थांबा, विचारून येते,' आणि बाहेर जायची. साहेबांचे वकील वैतागून गेले. मीही वैतागले, पण मिळालं ते असं. जाड हातमोजे. प्रत्येक खाटेशी सुया टाकायचा डबा. चादर वॉर्डातच झटकून मग गाठोडं बांधायचं आणि त्यावर बांधणाऱ्याची सही. सुई लागली तर रक्ताची तपासणी आणि रजा हक्काची. चष्मिस आणि घडीवाली कामावर परत. कंत्राटाचं काही झालं नाही, ते तसंच लटकत आहे. पण गेल्या सहा आठवड्यांत लाँड्रीत एकही सुई आली नाही. हे तुझं आहे. मी मान्य करते. आणि तरी दर सकाळी गाठोडं सोडताना मी थबकते, सहीवर विश्वास बसत नाही.

आता दोन गोष्टी सांगायच्या आहेत. त्या सांगायला मी एवढी पानं घेतली.

करार झाल्यावर चौथ्या दिवशी सुपरवायझर माझ्या टेबलाशी आला. तू त्याला ओळखतेस, पंधरा वर्षं मला 'ताई' म्हणतोय. इकडेतिकडे बघून म्हणाला, 'ताई, तुमची सकाळची शिफ्ट आता कायमची. साहेबांनी लक्षात ठेवलंय.' मी विचारलं, काय लक्षात ठेवलंय? तो हसला. 'तुम्ही शनिवारीच सांगितलंत म्हणून गाडी वेळेत आली ना.'

हो, धाकू. बंदच्या आधीच्या शनिवारी मी त्याच्याकडे गेले होते. मी त्याला म्हटलं, सोमवारी सकाळी ट्रॉल्या थांबणार आहेत, तुझ्या साहेबांना नाव न घेता सुचव, हातमोजे आधीच देऊन टाका म्हणजे कोणाची नोकरी जाणार नाही. त्याने आपल्या मुलांची शपथ घेतली की माझं नाव, दिवस, काही सांगणार नाही, फक्त हातमोज्यांचं बोलेल. मी विश्वास ठेवला. जगात सगळ्यांवर संशय घेणाऱ्या तुझ्या ताईने नेमका त्याच्यावर विश्वास ठेवला, कारण तो जुन्या पद्धतीचा होता, माझ्यासारखा. गाडी दिसली तेव्हाही माझ्या मनात त्याचं नाव आलं नाही. की आलं होतं आणि मी ते झटकलं? हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. मला वाटतं, आलं होतं. म्हणूनच गुरुवारी मी इतक्या घाईने, पाळी नसताना, तुझ्याकडे बोट दाखवलं.

दुसरी गोष्ट त्यानंतर आठवड्याने झाली. अंगणातला गोल संपत असताना तपासणीच्या खोलीतली सिस्टर माझ्याजवळ आली आणि म्हणाली, 'तुमची बहीण बरी आहे ना? दुसऱ्या तपासणीला आली होती, सगळं ठीक होतं, पण तिसरीची तारीख होऊन गेली.' मी मान हलवली. तिला वाटलं मला सगळं माहीत आहे, म्हणून ती बोलत गेली. की यंत्रात गाठोडं भरताना तुझ्या तळहातात सुई गेली होती. की तपासणीच्या अर्जावर साहेबांची सही लागते म्हणून तू त्यांच्या खोलीत गेली होतीस, आणि पाकिटात तो अर्ज होता. की अर्जात एक रकाना आहे, 'कपडे कोणी निवडले', आणि साहेब तुला वीस मिनिटं सांगत होते की तिथे बहिणीचं नाव लिही, म्हणजे चूक लाँड्रीतल्याच बाईची होती हे कागदावर येईल आणि तुमची मागणी आपोआप पडेल. सिस्टर म्हणाली, 'तिने रकाना कोराच ठेवला. माझ्याकडे येऊन रडली खूप. म्हणाली, ताईला कळलं तर ती त्या टेबलाशी परत उभी राहू शकणार नाही.'

माझ्या हातून गेलेलं गाठोडं होतं ते. मी बोटांनी चाचपून 'ठीक' म्हणून पुढे ढकललेलं. तू मला त्यातून वाचवलंस आणि गोलालाही वाचवलंस, आणि मी त्याच गोलात तुला उभं करून जाब विचारला. दुसऱ्या तपासणीला तू इथवर येऊन, माझ्या शिफ्टच्या वेळेत, मागच्या दाराने परत गेलीस. मी त्या दिवशी पन्नास पावलांवर असेन.

हे पत्र क्षमेसाठी लिहिलेलं नाही, ती मागायला मी समोर येईन, तू येऊ दिलंस तर. येत्या गुरुवारी मी गोलात उभी राहून सांगणार आहे की शनिवारी सुपरवायझरला मीच सांगितलं. ते माझं आहे, त्याला कोणाची परवानगी नको. त्यांनी काढून टाकलं तर मी जाईन, ठेवलं तर गप्प बसून ऐकेन. पण मी ते सांगितलं की पाकिटाचं काय, हे लोक विचारणारच. तुझ्यावरचा डाग पूर्ण धुवायचा तर सुई, तपासणी, तो कोरा रकाना, सगळं सांगावं लागेल, आणि ते तुझ्या अंगाचं आहे, तुझ्या रक्ताचं आहे. ते गाठोडं निवडणारी म्हणून माझं नाव बाहेर आलं तर साहेब ते आजही वापरतील, म्हणजे तू ज्यासाठी गप्प राहिलीस ते मी वाया घालवीन. तुझी शाळा मी ठरवली, नोकरी मी ठरवली, तू कुठल्या यंत्रावर उभं राहायचं तेही मीच ठरवलं, आणि प्रेमाने केलं म्हणून कधी विचारलं नाही. हे मला ठरवता येत नाही. सगळं सांगू, थोडं सांगू, की काहीच नको? तुझं उत्तर येईपर्यंत मी फक्त माझ्या वाट्याचं बोलेन आणि त्यांनी कितीही विचारलं तरी तुझ्याबद्दल एक शब्द काढणार नाही. आणि तिसरी तपासणी करून घे. इथे करायची तर मी बरोबर येईन, किंवा बाहेर बसेन, किंवा त्या दिवशी कामावरच येणार नाही. तू म्हणशील तसं.

तुझीच,
तू ज्या नावाने हाक मारशील ती